स्वस्त विम्याची गाडी

ती घटना मला आजही तारखेनिशी आठवते. तारीख मात्र इथे लिहिणार नाही आणि कोणाचं नावही लिहिणार नाही, कारण त्यातली बहुतेक माणसं याच शहरात राहतात आणि भाजी घेताना मला समोरासमोर भेटतात. माझे वडील रेल्वेत इंजिनिअर होते. साताऱ्याहून बदलीवर लखनौला आले आणि इथलेच झाले. मी इथे शिकलो, इथल्याच पोलीस खात्यात लागलो आणि इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. घरात मराठी आणि ठाण्यात हिंदी असा सगळा जन्म गेला, तेव्हा लिहिताना मधेच इकडचा शब्द आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

त्या वर्षी मी शहराच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. चिनहटचा कारखान्यांचा भाग आणि फैजाबाद रोडचा मोठा तुकडा आमच्या हद्दीत. हिवाळ्यात त्या रस्त्यावर सकाळी असं धुकं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. तरीही लोक गाड्या हाणतात, कारण कारखान्याच्या गेटावर आठला हजेरी लागते. पावणेआठला फोन आला. एक सात सीटची गाडी दुभाजकावर चढून आडवी झाली होती. आम्ही पोचलो तेव्हा गाडी रिकामी होती. समोरच्या चहाच्या टपरीवरच्या लोकांनी सगळ्यांना ओढून बाहेर काढलं होतं आणि मिळेल त्या ई-रिक्षात, टेम्पोत घालून दवाखान्यात पाठवलं होतं. लोकांनी चांगलंच केलं. पण कोण कुठे बसलं होतं, हे सांगणारा पुरावाही त्यांच्याबरोबर उठून गेला.

गाडीत सात जण होते. एक गाडीचा मालक आणि बाकी सहा जण, तीन बायका आणि तीन पुरुष. सगळे आलमबागच्या बाजूला राहणारे आणि चिनहटच्या वेगवेगळ्या कारखान्यांत नोकरी करणारे. सहांपैकी एक जण, वय वर्षे एकोणतीस, दवाखान्याच्या वाटेवरच गेला. मालकाला किरकोळ मार होता. बाकीच्यांची हाडं मोडली होती, पण जीव वाचले होते.

मालकाने दवाखान्यातच लेखी तक्रार दिली. तिला इकडे तहरीर म्हणतात. गाडी माझी, पण आज हा गेलेला मित्र चालवत होता, मी शेजारी बसलो होतो, धुक्यात वेग जास्त ठेवला आणि दुभाजक दिसला नाही, असं त्यात लिहिलं होतं. मग मी उरलेल्या पाच जणांना एकेक करून विचारलं. पाचही जणांनी एकच सांगितलं, "गाड़ी वही चला रहे थे. हम सब दोस्त हैं, पेट्रोल मिल-बाँट के डलवाते हैं."

पोलिसात तीस वर्षं काढलेल्या माणसाला इथे वास यायला हवा होता. एकच अपघात पाच माणसं पाच तऱ्हांनी सांगतात. कोणाला ब्रेकचा आवाज आठवतो, कोणाला फक्त समोरच्याची किंकाळी. पाच जण शब्दाला शब्द लावून बोलायला लागले की समजावं, आधी कुठेतरी बसून ठरलेलं आहे. माझं नाक त्या दिवशी सर्दीने बंद होतं म्हणा. खरं कारण असं की त्या आठवड्यात मोठ्या पाहुण्यांचा बंदोबस्त होता, निम्मे शिपाई रस्त्यावर उभे होते आणि मला ही फाईल लवकर हातावेगळी करायची होती.

शवागारातला पंचनामा मी स्वतः केला. दुसरं कोणी मोकळं नव्हतं. पाच पंच थंडीने कुडकुडत उभे होते, मी बघून सांगत होतो आणि शिपाई लिहीत होता. डोक्याला मागच्या बाजूला खोल जखम. छातीवर डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत निळसर पट्टा. खाली सही ठोकली आणि निघालो. एफआयआरमध्ये आरोपीच्या रकान्यात त्या मेलेल्या तरुणाचं नाव गेलं. आरोपी मयत असला की खटला कोणावर चालवणार? अंतिम अहवाल लावायचा आणि फाईल मिटायची.

दहाबारा दिवसांनी मी तो अहवाल लिहायला घेतला होता. सकाळी ठाण्यात विमा कंपनीचा तपासणी करणारा माणूस कागद मागायला आला. साठीला टेकलेला, गळ्यात मफलर, बोलण्यात अस्सल लखनवी अदब. त्याच वेळी बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ येऊन बसले होते. दीवानजींनी, म्हणजे आमच्या हेड कॉन्स्टेबलने सांगितलं की हे मयताचे वडील. मी दोघांनाही आत बोलावलं. दोघांना एकच कागद हवे होते, तर एकदाच द्यावेत, एवढाच माझा हिशेब.

वडिलांनी माझ्या टेबलावरची पाटी वाचली आणि मराठीतच सुरुवात केली. मूळचे नागपूरकडचे. एका सरकारी कंपनीत नोकरी करून इथूनच निवृत्त झालेले. घरात बाबासाहेबांचा फोटो, मुलाला शिकवून नोकरीला लावलं, सून, चार वर्षांची नात. हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. परक्या गावात आपली भाषा ऐकली की माणूस असा भडाभडा बोलतो. मग म्हणाले, "साहेब, गाडीचे मालक घरी आले होते. म्हणाले, चाचाजी, फ़िक्र मत कीजिए, चलाने वाले का बीमा होता है, पंद्रह लाख मिलेंगे. त्याचे कागद न्यायला आलो."

विम्याच्या माणसाने चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"वो बीमा चलाने वाले का नहीं होता, भाई साहब," तो म्हणाला. "सिर्फ़ गाड़ी के मालिक का होता है. और इन्होंने तो वो भी कटवा रखा है."

मलाही हे नवीन होतं. मी म्हटलं, नीट समजावून सांगा. त्याने बॅगेतून पॉलिसीची प्रत काढली आणि टेबलावर पसरली. त्यातला हप्त्याचा आकडा बघून मी चकित झालो. माझ्या चार सीटच्या छोट्या गाडीचा हप्ता याहून जास्त होता. तो हसला. म्हणाला, हप्ता असाच ठरत नाही साहेब. गाडी किती जुनी, तिची आजची किंमत काय, इंजिन केवढं, नोंदणी कुठल्या शहरातली, हे तर आहेच. पण हप्ता खरा वर-खाली होतो तो मालक काय सांगतो त्यावर.

मग त्याने बोट ठेवत ठेवत दाखवलं. या मालकाने गाडी घरगुती वापराची म्हणून लिहिली होती. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला हप्ता कितीतरी जास्त पडतो. गाडीत मागून बसवलेली गॅसची टाकी होती, ती अपघातानंतर त्याने स्वतः पाहिली होती, पण पॉलिसीत तिचा पत्ता नव्हता, कारण टाकी नोंदवली की हप्ता वाढतो. पाच वर्षांत एकदाही भरपाई मागितली नाही, असं लिहून निम्मी सूट घेतली होती. प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीकडून बंपर आणि दरवाजा बदलून घेतलेला. आणि मालकाचा स्वतःचा अपघात विमा, जो खरं तर सक्तीचा असतो, तो 'माझ्याकडे वेगळा आहे' असं लिहून काढून टाकलेला.

"और अब ये चलाने वाला," तो म्हणाला. "मान लीजिए आपके साहबज़ादे चला रहे थे, और ग़लती भी उन्हीं की थी. तो उनके घर को किसी से कुछ नहीं मिलेगा. पीछे बैठे होते, बगल में बैठे होते, तब बात और थी."

वडील बराच वेळ पॉलिसीकडे बघत बसले. त्यांना वाचायला चष्मा लागत होता आणि तो त्यांनी लावला नव्हता. मग मला म्हणाले, "साहेब, पैशाचं एक वेळ राहू द्या. पण माझ्या पोराचं नाव तिथे आरोपी म्हणून काहून लिहिलं? तो गाडी चालवत नव्हता. लायसन काढलं होतं, बस. आमच्या घरी गाडी कधी नव्हतीच. त्याला चालवताना मी एकदाही पाहिलं नाही."

बापाला असं वाटणारच, असं मी मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, बघतो. पोलीस 'बघतो' म्हणतो तेव्हा तो बहुधा बघत नाही, हे मी खात्यात राहून सांगतोय. पण ते गृहस्थ उठून दारापर्यंत गेले, वळले, हात जोडले आणि निघून गेले. भांडले असते तर मी विसरलो असतो. त्या हात जोडण्याने मला बेचैन केलं.

मी एका शिपायाला साध्या कपड्यांत आलमबागला पाठवलं. ही गाडी रोज जिथून भरायची त्या चौकात चहा पी आणि ऐक, एवढंच सांगितलं. तपासात अर्धी कामं चहाच्या टपरीवर होतात. दुपारपर्यंत तो परत आला. टपरीवाल्याने त्याला आपणहून सांगितलं होतं, "अरे वो गाड़ी? वो तो सवारी ढोती थी. महीने के महीने किराया. और चलाते तो भैया ख़ुद ही थे, किसी को चाबी छूने नहीं देते थे."

खबर मिळाली, पण खबर म्हणजे पुरावा नव्हे. रोज मालक चालवत असेल, त्या दिवशी दुसऱ्याने चालवली असेल. मी अंतिम अहवाल बाजूला ठेवला आणि फाईल पहिल्या पानापासून वाचायला बसलो. पंधरा दिवसांत मी ती फाईल पहिल्यांदाच वाचत होतो. त्याआधी मी तीत फक्त सह्या करत होतो.

मालकाचा वैद्यकीय तपासणीचा कागद त्याच दिवशीचा होता. कपाळाला खरचटलेलं, मनगट सुजलेलं आणि उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत निळसर पट्टा. त्याच्या मागेच माझा पंचनामा लावलेला होता. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत निळसर पट्टा.

मी उठलो, अंगणात उभ्या असलेल्या ठाण्याच्या जीपमध्ये जाऊन ड्रायव्हरच्या जागी बसलो आणि पट्टा लावला. तो उजव्या खांद्यावरून आला. मग उतरून डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि तिकडचा पट्टा लावला. तो डाव्या खांद्यावरून आला. दीवानजी व्हरांड्यातून बघत होते. त्यांना वाटलं असेल साहेबांचं डोकं फिरलं. मी तिथेच बसून राहिलो. गाडी आदळते तेव्हा पट्टा अंगावर आपली खूण सोडतो. ज्याच्या उजव्या खांद्यावर खूण, तो स्टिअरिंगवर होता. हे समजायला फार मोठी अक्कल लागत नाही. दोन्ही कागद पहिल्या दिवसापासून माझ्याच फायलीत होते आणि त्यातला एक मी स्वतः सांगून लिहवला होता. मला माझीच लाज वाटली.

मालकाला बोलावण्याआधी मी एका जखमी बाईंकडे गेलो. एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या, चाळिशीच्या, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. मी खुर्ची ओढून बसलो आणि एवढंच सांगितलं, की तुम्ही ज्याला ड्रायव्हर म्हणालात त्याच्या बायकोला एक पैसाही मिळणार नाही, तो ड्रायव्हर होता म्हणूनच मिळणार नाही.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"हमने तो उन्हीं के लिए कहा था, साहब," त्या म्हणाल्या. "भैया ने अस्पताल में सबको समझाया. बोले, मेरा लाइसेंस ख़तम हो गया है, मैं चला रहा था ये लिखा तो कंपनी किसी को कुछ नहीं देगी. उसका लाइसेंस ठीक है. उसका नाम लिखवा दो तो उसकी बीवी को पंद्रह लाख मिलेंगे. हमने सोचा, वो तो गया, बच्ची छोटी है. इतना तो कर दें."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडू दिलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी लोभाने खोटं बोलणारे पाहिले, भीतीने बोलणारे पाहिले. पाच माणसं दयेपोटी एकत्र खोटं बोलली आणि ज्याच्यासाठी बोलली त्याचंच घर बुडालं, हे मी तेव्हा एकदाच पाहिलं. मला त्यांचा राग आला नाही. मालकाचा आला.

दुसऱ्या दिवशी मालक आला. पंचेचाळिशीचा, नीटनेटका, हातात फाईल घेऊनच आलेला. अशी फाईल घेऊन येणारा माणूस मला नेहमी विचार करायला लावतो. मी आरडाओरडा करणारा अधिकारी कधीच नव्हतो. ओरडलं की माणूस तोंड मिटतो. त्याला ज्याचा अभिमान आहे ते विचारलं की तो उघडतो. मी चहा मागवला आणि म्हटलं, तुमच्या गाडीचा हप्ता फार कमी आहे, मला माझा कमी करायचाय, कसं जमवलंत?

तो खुलला. खरोखर खुलला. खुर्ची पुढे ओढून त्याने मला शिकवायला सुरुवात केली. एजंटवर विसंबू नका, फॉर्म स्वतः भरा. गॅसची टाकी लिहायचीच नाही, कोण येतंय तपासायला. कंपनी दरवर्षी बदलायची, म्हणजे जुनी भरपाई नव्या कंपनीला कळत नाही. अपघात विमा लावतात तो काढून टाकायचा. आणि टॅक्सी पासिंग तर कधीच नाही, त्यात हप्ताही जातो आणि परवान्याच्या फेऱ्याही.

मी सगळं ऐकून घेतलं. हे सांगताना त्याच्या आवाजात कणभरही चोरटेपणा नव्हता. आपण चार पैसे वाचवणारे हुशार संसारी गृहस्थ आहोत, एवढंच त्याला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्यासारखे लोक मी गोमती नगरच्या फ्लॅटांतही बघतो, चांगल्या हुद्द्यांवरचे.

मग मी दोन्ही कागद त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. खांद्याच्या ओळीवर पेन्सिलने खूण केली होती. मी म्हणालो, "इतकं सगळं कागदावर बदललंत. ड्रायव्हरही बदललात."

त्याने कागद वाचले. दुसऱ्यांदा वाचले. त्याचा हात नकळत उजव्या खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मग तो भिंतीवरच्या पंख्याकडे बघायला लागला. हिवाळ्यात तो पंखा बंदच असायचा.

"मेरे दो बच्चे हैं, साहब," तो शेवटी म्हणाला. "मुझ पर केस होता, नौकरी चली जाती. वो तो जा ही चुका था. उसका क्या बिगड़ता?"

मी विचारलं, अपघात विमा तू स्वतः काढून टाकला होतास, मग पंधरा लाख मिळतील असं त्या पाच जणांना आणि त्या म्हाताऱ्या बापाला कशाच्या जोरावर सांगितलंस?

"उस वक़्त याद नहीं रहा," तो म्हणाला.

हे खरं होतं की खोटं, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. त्या क्षणी मला त्याच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. मी हात टेबलाखाली धरून ठेवले. रोजच्या रोज थोडं थोडं खोटं लिहायची सवय लागलेल्या माणसाला कधी कधी खरोखर आठवत नाही की आपण कुठे काय लिहिलंय. ते मी इतरांतही पाहिलं आहे, आणि त्याने माझा राग कमी होत नाही.

आता अडचण वेगळीच उभी राहिली. विम्याचा माणूस पुन्हा आला आणि त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की साहेब, तुम्ही महिन्याचं भाडं आणि संपलेलं लायसन हे दोन्ही केस डायरीत लिहिलंत, तर आमची कंपनी कोर्टात हात वर करणार. घरगुती गाडी भाड्याने चालवली, विनापरवाना चालवली, आमची जबाबदारी नाही, असं म्हणणार. वर्षानुवर्षं चालेल. हे पेट्रोल वाटून घेणारे दोस्तच राहू देत, फक्त ड्रायव्हर बदला. त्या घराला लवकर मिळेल. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या परीने भलंच सांगत होता.

मी त्या वडिलांना बोलावलं आणि मराठीत सगळं उलगडून सांगितलं. खरं सगळं लिहिलं तर मुलाचं नाव आरोपीतून जाईल, पण पैसे लांबतील, कदाचित मिळणारही नाहीत. अर्धं लिहिलं तर दोन्ही जमेल. निर्णय माझा होता, त्यांना विचारायचं कारण नव्हतं, हे मला माहीत आहे. पण एकदा न वाचता सही केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा एकट्याने ठरवायचं धाडस होईना.

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "लिहा साहेब, जे होतं ते सगळं लिहा. आमच्या भल्यासाठी एकदा खोटं लिहून झालंच आहे की."

मी सगळं लिहिलं. पाचही जणांचे जबाब पुन्हा घेतले, मॅजिस्ट्रेटसमोर घेतले. महिन्याला भाडं देत होतो असं त्यांनी कबूल केलं, आणि तसं कबूल करताना त्यांना स्वतःच्या भरपाईवरही पाणी सोडावं लागण्याची भीती होती. प्लास्टरवाल्या बाई सगळ्यांत आधी बोलल्या. मालकावर निष्काळजीपणाने मृत्यू, खोटी माहिती देणं आणि पुरावा दडवणं या कलमांखाली आरोपपत्र गेलं. त्याची नोकरी गेली. त्याची दोन मुलं कुठल्या शाळेतून कुठल्या शाळेत गेली, ते मी विचारलं नाही.

भरपाईच्या न्यायाधिकरणात मात्र विम्याचा माणूस म्हणाला तसंच झालं. तारखांवर तारखा पडल्या. वडील प्रत्येक तारखेला जायचे, कापडी पिशवीत फाईल घेऊन. साक्षीसाठी मला बोलावलं तेव्हा मी त्यांना आवारात भेटलो. ते माझ्याशी कधी पैशाबद्दल बोलले नाहीत. मी निवृत्त झालो त्या हिवाळ्यात ते गेले. निकाल त्यानंतर लागला. कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम झाला.

या केसने मला काय शिकवलं, असं मला एकदा नव्या भरतीच्या प्रशिक्षणाच्या वर्गात विचारलं गेलं. मी पट्ट्याच्या खुणेबद्दल बोललो, सारख्या शब्दांच्या जबाबांबद्दल बोललो, पॉलिसीचा कागद जबाबासारखा वाचायला शिका असं सांगितलं. प्रत्येक सवलतीमागे मालकाने काहीतरी सांगितलेलं असतं, ते खरं आहे का हे तपासा. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं. सगळं बरोबरच होतं. पण घरी येताना मला वाटलं, मी मुख्य गोष्ट टाळून आलो.

मुख्य गोष्ट मला मागच्या वर्षी कळली. निकालाची प्रत दाखवायला त्या वडिलांची सून माझ्या घरी आली होती, पेढे घेऊन. बरोबर मुलगी होती, आता अकरा वर्षांची, उंच, आजोबांसारखं कपाळ. मराठी कळते, पण बोलते हिंदीतच. आम्ही मोठी माणसं बोलत होतो तोवर ती गप्प बसली होती. मग तिने पिशवीतून आजोबांची फाईल काढली आणि सगळ्यांत वरचा कागद माझ्यापुढे ठेवला. आई कामावर असताना तिने ती फाईल एकटीने वाचली होती. तो एफआयआर होता.

"इसमें पापा को आरोपी लिखा है," ती म्हणाली. "ये बदला क्यों नहीं?"

मी तिला समजावलं, की एफआयआर बदलता येत नाही, पहिली खबर जशी मिळाली तशीच ती कायम राहते. नंतर आरोपपत्र आलं, त्यात खरं नाव आहे, कोर्टाने तेच मानलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"ये साइन आपके हैं?"

मी हो म्हणालो.

"आपने पापा को देखा नहीं था?"

तिची आई तिला गप्प करायला लागली. मी तिला थांबवलं. तीस-पस्तीस वर्षांत मी शेकडो लोकांना प्रश्न विचारले आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. आता ती माझ्याकडे तशी बघत होती.

"देखा था, बेटा," मी म्हणालो. "जो देखा, वो लिखवाया भी था. समझा नहीं. जल्दी में था."

तिने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. कागदाची घडी घातली, तो फायलीत ठेवला आणि आईला म्हणाली, चलो. पेढ्यांचा डबा टेबलावरच राहिला.